जुन्या मोटारींतील पॉवर स्टीअरिंगची गळती : नुसते तेल भरणे पुरेसे नाही

रायपूर : मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या घरात जाणाऱ्या या शहरात जुन्या सुमो, क्वालिस यांसारख्या गाड्यांच्या रबरी नळ्या व सील कडक होऊन पॉवर स्टीअरिंगचे तेल झिरपू लागते. (विजेवर चालणाऱ्या स्टीअरिंगमध्ये हे तेल नसतेच.) वळताना कण्हल्यासारखा आवाज ही पहिली खूण.

गळतीचे ठिकाण शोधण्यासाठी सर्व भाग पुसून, इंजिन सुरू ठेवून स्टीअरिंग दोन्हीकडे वळवावे. टोकाला मात्र पाच सेकंदांहून अधिक धरू नये. परतीच्या नळीत दाब कमी असल्याने नवी नळी व क्लिप पुरते. पंपाकडून येणाऱ्या दाबाच्या नळीत मात्र टायरमधील हवेच्या ३० पटींहून अधिक दाब निर्माण होऊ शकतो. तिला पट्टी गुंडाळणे व्यर्थच, शिवाय धोक्याचे. तापलेल्या एक्झॉस्टवर उडालेले तेल पेट घेऊ शकते. रॅकच्या टोकाच्या रबरी बुटात तेल साचले असल्यास आतील सील निकामी झाले, असे समजावे. बाजारातील गळतीरोधक द्रव सील फुगवतो. ती तात्पुरती सोय, इतकेच.

दुरुस्तीनंतर उत्पादकाने सांगितलेलेच तेल भरावे आणि पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, टाकीतील बुडबुडे थांबेपर्यंत स्टीअरिंग सावकाश वळवत राहावे.