पिकअपखालचा ‘कट’ आवाज

गटाचा भाजीपाला बाजारात नेणारी आपली पिकअप जुनी झाली, की क्लच सोडताना खालून ‘कट’ असा आवाज येतो, वेगात गाडी थरथरते. हा आवाज अंगावर काढू नये.

इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या सांध्यात ‘क्रॉस’ असतो. ग्रीस संपलं की त्यातलं बेअरिंग झिजतं. गाडी बंद करून, चाकांना पुढून-मागून दगड लावून शाफ्ट हलवून बघायला सांगूया. सांधा ढिला लागला तर क्रॉस बदलायचाच; नुसत्या ग्रीसने झीज भरून येत नाही.

शाफ्ट काढण्याआधी जोडावर खूण करून घ्यावी. तो तसाच परत बसला नाही, तर थरथर राहते. आणि शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते, म्हणून दगड हलवायचे नाहीत.

चालत्या गाडीचा क्रॉस तुटला तर शाफ्ट खाली पडतो. मालाचं सोडा, गाडीतल्या माणसांच्या जिवावर बेततं. म्हणून दुरुस्तीचे पैसे दर महिन्याला वेगळे काढूया, आणि सर्व्हिसिंगला ग्रीस भरलं का, हे आपणच विचारूया.