नखं चार महिन्यांनी का गळली?

परंडा तालुक्यातल्या सोनारीला काळभैरवनाथाच्या दर्शनाला गेलात, की देवळाच्या आवारात माकडं भेटणारच. हातातलं केळं सांभाळता सांभाळता एक गोष्ट बघा. चैत्रातल्या यात्रेत माणसं भर उन्हात चालत असतात, घामानं निथळत असतात. अंगभर केस असलेली माकडं मात्र सावली धरून बसलेली असतात.

असं का? आपल्या कातडीत 20 ते 40 लाख घामाच्या ग्रंथी असतात. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. अंगावरचे केस बारीक असल्यामुळे तो पटकन वाळतो. डोक्यावर मात्र दाट केस राहिले, कारण ऊन थेट तिथंच पडतं. भुवया कपाळावरचा घाम डोळ्यात जाऊ देत नाहीत. नाकातले केस धूळ अडवतात. नख बोटाच्या टोकाला मागून आधार देतं, म्हणून तर आपल्याला जमिनीवर पडलेली सुई उचलता येते.

आता गंमत ऐका. हे सगळं संरक्षण मेलेल्या पेशींचं आहे! कातडीच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात. त्या वर सरकताना केराटिन नावाच्या चिवट प्रथिनानं भरत जातात आणि पृष्ठभागावर येईपर्यंत मरतात. हा प्रवास साधारण महिनाभराचा. याच मेलेल्या थरामुळे अंगातलं पाणी आत राहतं आणि जंतू बाहेर. केस आणि नखंही केराटिनचीच. बैलाच्या शिंगांचं बाहेरचं कवच आणि खूरसुद्धा! म्हणून तर केस कापताना दुखत नाही, पण उपटला की डोळ्यात पाणी येतं. जिवंत भाग फक्त मुळाशी.

हे लक्षात ठेवा आणि आता धाराशिवहून माझ्याबरोबर बुलढाणा जिल्ह्यात चला.

डिसेंबर 2024 संपता संपता शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळायला लागले. नुसता हात फिरवला तरी पुंजके हातात. तीन-चार दिवसांत टक्कल! बायका, पोरं, कुणीच सुटलं नाही. आधी संशय गेला पाण्यावर, शाम्पूवर, बुरशीवर. ‘टक्कल व्हायरस’ असं नावही पडलं. आणि मग एप्रिल 2025 मध्ये त्याच भागात काहींची नखं ठिसूळ होऊन गळायला लागली.

आधी केस, मग नखं. मधले तीन-चार महिने कुठं गेले?

उत्तर मुळाशी आहे. डोक्यावरचे दहातले आठ-नऊ केस कुठल्याही वेळी वाढतच असतात. त्यांच्या मुळांना एकदम धक्का बसला, तर ते दिवसांत किंवा आठवड्यांत गळतात. हाताचं नख मात्र महिन्याला जेमतेम 3 मिलीमीटर वाढतं. मुळाशी झालेला बिघाड बाहेर यायलाच महिने लागतात. म्हणजे दोन्हीचं कारण एकच असू शकतं, बातमी फक्त वेगवेगळ्या वेळी पोचते.

तपासण्यांमध्ये रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेलं आढळलं. विंचूदंशावरच्या उपचारासाठी ओळखले जाणारे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी कणभर: मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 55 मायक्रोग्रॅम. केराटिनचे धागे गंधकाच्या टाक्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. सेलेनियम गंधकाचा रासायनिक भाऊच. ते जास्त झालं की गंधकाच्या जागी घुसतं आणि टाका कच्चा राहतो. पंजाबात होशियारपूरच्या बाजूला काही जमिनींमध्ये सेलेनियम जास्त आहे, तिथं असा चारा खाल्लेल्या जनावरांचे केस आणि खूरही गळतात.

आता विचार करा. बिघाड जर पोटातून आला असेल, तर डोक्याला लावलेलं तेल काय करणार? आणि टक्कल पडलेल्याच्या शेजारी बसल्यानं काय होणार? काहीच नाही! पण त्या गावांतल्या लोकांना या भीतीचाही त्रास सोसावा लागला. पाहुणे टाळायला लागले, लग्नं जुळताना अडचणी आल्या. केस बहुतेकांचे परत आले. माणसांनी फिरवलेली तोंडं मात्र लक्षात राहतात.

जाता जाता, तुमची नखं बघा. मोठ्या तापानंतर कधी कधी नखांवर आडवी खाच पडते. ती मुळापासून 6 मिलीमीटरवर असेल, तर अंदाजे दोन महिन्यांपूर्वी शरीरानं काहीतरी सोसलंय. असं काही दिसलं, किंवा केस पुंजक्यांनी गळायला लागले, तर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, तारीख आपोआप राहते. आणि तेलाची नवी बाटली आणण्याआधी तो फोटो डॉक्टरांना दाखवा. घरात, गल्लीत आणखी कुणाला तसंच होत असेल, तर तेही सांगा. शेगावची गोष्ट गावांनी मिळून सांगितली, म्हणूनच ती कळली.

भेटू पुढच्या भागात. तोवर सोनारीला गेलात, तर केळं सांभाळा!