परळच्या पुलाचे गणित

२९ सप्टेंबर २०१७ रोजी, सकाळच्या ऐन कामाच्या वेळी, पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचे परळ ही दोन स्थानके जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर २३ माणसे चेंगरून मृत्युमुखी पडली, तेव्हा गर्दीच्या उतावीळपणाला दोष देऊन अनेकजण मोकळे झाले. परंतु जालविश्लेषण नावाचे जे गणित आहे ते माणसाच्या स्वभावाआधी वाटांची रचना तपासते, आणि म्हणून मृतांना अधिक न्याय देते.

या गणितात फलाट, जिने व दरवाजे बिंदू-रेषांनी मांडून प्रत्येक रेषेची वहनक्षमता ठरवतात. फोर्ड आणि फुल्कर्सन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतानुसार (त्याच्या मुळाशी रेल्वे वाहतुकीचाच प्रश्न होता) उगमापासून मुक्कामापर्यंत वाहणारा ओघ, त्या दोहोंना विलग करणाऱ्या सर्वांत कमी क्षमतेच्या छेदापलीकडे कदापि वाढू शकत नाही, मग फलाट कितीही प्रशस्त असोत. परळभोवतीच्या गिरणगावात १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे उठले, आणि चाळीतून पायी गिरणीत जाणाऱ्या कामगारांच्या जागी दूरच्या उपनगरांतून लोकलने येणारे नोकरदार आले. ओघ समूळ पालटला, छेद मात्र तोच राहिला.

त्या सकाळी पावसाने तो आणखी आवळला. प्रवासी आडोशाला जिन्यावर थबकले, बाहेर पडण्याची वाट खुंटली, आणि मागे गाड्या रिकाम्या होतच राहिल्या. एका चौरस मीटरात सहा-सात माणसे दाटली की कोणाची हालचाल स्वतःच्या इच्छेची उरत नाही. शरीरांतून दाबाच्या लाटा सरकतात, आणि पुढे श्वास कोंडल्याची वार्ता मागच्यांना पोहोचतही नाही. अशा माणसांना बेशिस्त म्हणणे मला क्रौर्याचे वाटते.

तेव्हा बंदोबस्त करावयाचा तो जिन्यावर नव्हे, त्याच्या कितीतरी अलीकडे. पूल भरत आल्याचे कॅमेऱ्यांच्या मोजणीत दिसताच प्रवाशांना फलाटावरच थोपवावे, मागची गाडी आधीच्या स्थानकात रोखावी, आणि याचा हुकूम देण्याची मुखत्यारी दोन्ही रेल्वेंच्या वतीने एकाच अंमलदाराकडे असावी.

फेब्रुवारी २०१८ मध्ये लष्कराने बांधलेला नवा पूल खुला झाला, हे उत्तमच. पण एक वाट रुंदावली की अरुंद छेद दुसऱ्या जिन्यावर किंवा बाहेरच्या पदपथावर सरकू शकतो, म्हणून स्थानकाशेजारच्या प्रत्येक नव्या इमारतीला परवाना देण्यापूर्वी हा हिशेब पुन्हा मांडणे बंधनकारक केले पाहिजे.