अट, करारातील

कराराचे बंधन, त्याचा अंमल किंवा शेवट ज्या गोष्टीवर अवलंबून ठेवला जातो, तिला अट अथवा शर्त म्हणतात. ‘शर्त’ हा मूळ अरबी शब्द महसुली व्यवहारात विशेष रूढ आहे, उदा., ‘नव्या शर्ती’ची जमीन पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ अन्वये अशक्य घटनेवर अवलंबून ठेवलेला करार शून्य ठरतो. मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये अट व हमी यांत भेद केला आहे : अट मोडल्यास खरेदीदारास करार संपुष्टात आला असे मानता येते, हमी मोडल्यास केवळ भरपाई मागता येते.

अट कोठे लिहिली आहे, यावर पुष्कळदा सारे अवलंबून असते. मुदत खरेदीच्या व्यवहारात कर्जदार जमिनीचे खरेदीखत करून देतो आणि रक्कम फेडल्यास जमीन परत मिळावी, असे ठरते. संपत्ती हस्तांतरण अधिनियमात १९२९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ही अट त्याच खरेदीखतात नसेल, तर व्यवहार गहाण मानला जात नाही. वेगळ्या कागदावर ती लिहून घेणारा शेतकरी गहाण सोडविण्याचा हक्क गमावतो व त्याच्या हाती फेरखरेदीचा करार तेवढा उरतो. त्यातील मुदत चुकली की जमीन गेली.

राजकीय करारातील अटींना तर कायद्याचा आधार मिळेपर्यंत न्यायालयात बळ नसते. मराठवाडा महाराष्ट्रात ‘बिनशर्त’ आला, असे म्हणण्याचा प्रघात आहे; तो काटेकोर नव्हे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर मराठवाड्याच्या प्रतिनिधींच्याही सह्या होत्या आणि त्यात मराठवाड्याच्या विकासाकडे विशेष लक्ष देण्याचे अभिवचन होते. संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये १९५६ साली विकास मंडळांची तरतूद झाली. मंडळे मात्र १९९४ मध्ये स्थापन झाली व त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. उच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठासाठी करारात नागपूरचे नाव होते, औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) नव्हते. औरंगाबादेत न्यायपीठाचे काम २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले, ते राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१ (३) मधील मुख्य न्यायमूर्तींच्या अधिकारान्वये. त्यास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयात १९८२ मध्ये टिकले नाही आणि १९८४ मध्ये हे पीठ कायम झाले.