भूगोल मुलांच्या हाताला कळू द्या

संध्याकाळी वस्तीतून फिरले की घराघरांतून पाठांतराचा आवाज येतो. "गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते" हे वाक्य मूल दहा वेळा म्हणते, परीक्षेत लिहितेही. पण अरबी समुद्र जवळ असताना ही नदी उलट दिशेने बंगालच्या उपसागराला का जाते, असे विचारले की गप्प बसते. न समजता पाठ केलेले फार दिवस टिकत नाही, आणि शिकवणी लावणे प्रत्येक घराला परवडत नाही.

पालकांनो, हा विषय डोळे, कान, हात आणि जीभ यांच्या मदतीने घरीच शिकवता येतो. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा पाने, बिया, शंख-शिंपले हेच मुलांचे साहित्य होते.

प्रथम दिशा. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते, म्हणून लहान मुलाला उत्तर म्हणजे आकाश वाटू शकते. नकाशा जमिनीवर पसरा. सकाळी मुलाला सूर्याकडे तोंड करून उभे करा. डावा हात उत्तर, उजवा दक्षिण. नकाशाची उत्तर त्या बाजूला फिरवा.

मग जुन्या पत्र्यावर ओल्या मातीचा महाराष्ट्र करा. पश्चिमेला कोकणची अरुंद पट्टी, तिला लागून सह्याद्रीची भिंत, पलीकडे पूर्वेला उतरत जाणारे पठार. दिवाळीत किल्ला करणारी पोरे हे झटपट करतात. माथ्यावर तांब्याने पाणी ओता. थोडे कोकणात उतरेल, बाकीचे पूर्वेकडे वाहील. गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर का चालते, ते मुलाला डोळ्यांनी दिसेल.

पावसाचेही तसेच. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. मुलाला एका भांड्यात दहा पेले पाणी ओतू द्या, दुसऱ्यात एक.

आता कानांचे काम. १९७२ च्या दुष्काळात काय झाले, हे मुलाने आजी-आजोबांना विचारावे. खडी फोडण्याची कामे, पाण्यासाठीची पायपीट, वाटलेली सुखडी, सगळे ऐकावे. जमल्यास घरी सुखडी करून चाखायला द्या. ढग अडले की माणसांचे काय होते, तो इतिहास त्याला घरातूनच मिळेल.

एक सावधगिरी बाळगा. "आमचा मुलगा फक्त बघून शिकतो" असा शिक्का मारू नका. प्रत्येक मुलाची शिकण्याची एकच ठरावीक पद्धत असते, या समजुतीला पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले. सगळ्याच मुलांना सगळे करू द्या.

आणि खेळ संपल्यावर हात धुऊन वही उघडायला लावा. जे पाहिले, ऐकले, ते स्वतःच्या शब्दांत पाच ओळी लिहू द्या. आपल्याला लिहिता-वाचता येत नसेल तरी "पाणी तिकडेच का गेले?" एवढे विचारायला अडचण नाही.