सांधा कुठे निसटला?

विजेरी लागली नाही की आपण काय करतो? तळहातावर दोन-तीनदा आपटतो. बहुतेक वेळा ती लागते. मग आपण पुढच्या कामाला लागतो आणि एक चांगला प्रश्न हातातून निसटतो. आपटल्यामुळे नेमके काय बदलले? सेल तेच, बल्ब तोच, स्प्रिंगही तीच. बदलले ते फक्त या वस्तू एकमेकींना टेकण्याच्या जागी.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत परिपथ सलग रेषेने काढलेला असतो. प्रत्यक्षात दोन सेलच्या साध्या विजेरीत ही रेषा पाच-सहा ठिकाणी तुटलेली असते. सेलला सेल टेकतो, सेलला स्प्रिंग टेकते, बल्बच्या बुडाला पत्री टेकते, बटणाच्या आत पट्टीला पट्टी टेकते. खेळणी, रिमोट, भिंतीवरचे घड्याळ या सगळ्यांची हीच गत. अशी वस्तू बंद पडली तर सेल आणि बल्ब यांच्याआधी या सांध्यांवर संशय घ्यायला हवा.

दोन धातू एकमेकांना टेकतात म्हणजे काय होते? गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ मुलुखासारखा दिसतो. एक डोंगराळ प्रदेश उलटा करून दुसऱ्यावर ठेवला, तर शिखरेच काय ती शिखरांना भिडतील. केंब्रिजचे बोडन आणि टेबर यांनी १९३९ साली, टेकलेल्या धातूंमधून वीज किती सहज वाहते हे मोजून, खरी स्पर्शाची जागा किती थोडी असते ते दाखवले. स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म यांनी तर विद्युत-संपर्काच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले.

ही जागा किती थोडी, याचा हिशेब आपणही करू शकतो. समजा, स्प्रिंग सेलला २ न्यूटन जोराने, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम वजनाइतक्या जोराने, दाबते. पितळासारखा धातू दर चौरस मिलिमीटरला साधारण १००० न्यूटन जोर पडला की दबू लागतो. म्हणजे टेकलेली शिखरे चेपत चेपत खरा स्पर्श २ भागिले १०००, अर्थात ०.००२ चौरस मिलिमीटर झाला की थांबतात. पेन्सिल सेलच्या टोकावरची टोपी सुमारे २० चौरस मिलिमीटरची असते. तिचा दहा हजारावा हिस्साच काय तो खरोखर टेकलेला!

मग एवढ्याशा जागेतून वीज अडत नाही का? अडते, पण नगण्य. धातू स्वच्छ असेल तर एवढ्या स्पर्शाचा रोध ओहमच्या हजाराव्या भागाच्या आसपास भरतो. खरी गोम धातूवरच्या थरात आहे. हवेतला ऑक्सिजन, दमटपणा, हाताचा घाम, स्वयंपाकघरातली तेलकट वाफ यांमुळे धातूवर पातळ पापुद्रा धरतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात तो लवकर धरतो. बहुतेक ऑक्साइडे विजेची दुर्वाहक असतात, त्यामुळे शिखरे टेकतात पण मध्ये पापुद्रा राहतो. विजेरी आपटली की भाग एकमेकांवर किंचित घासतात, पापुद्रा फाटतो आणि उघडा धातू उघड्या धातूला भिडतो. सोने ऑक्सिजनला दाद देत नाही, म्हणून मोबाइलच्या सिम कार्डावरच्या पट्ट्यांना सोन्याचा मुलामा देतात.

आता दोष शोधायचा कसा ते पाहू. येथे मल्टिमीटर जपून वापरावा लागतो. समजा, एका सांध्यात १००० ओहमचा रोध आला आहे. बल्ब काढून त्याच्या जागी मल्टिमीटर लावला, तर तो जवळजवळ पूर्ण ३ व्होल्ट दाखवील. कारण मल्टिमीटरचा स्वतःचा रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. त्यातून इतकी क्षीण धारा वाहते की सदोष सांध्यात काहीच विभवांतर खर्च होत नाही. बल्बला मात्र ०.३ अँपिअर हवा असतो आणि या सांध्यातून जेमतेम ०.००३ अँपिअर जाऊ शकतो. मल्टिमीटर खोटे बोलत नाही, आपण त्याला भलताच प्रश्न विचारलेला असतो. रिकामा टेम्पो पुलावरून गेला, एवढ्यावरून पूल भरलेला ट्रक पेलेल असे म्हणता येत नाही.

म्हणून नियम असा : परिपथ चालू ठेवावा आणि प्रत्येक सांध्याच्या अल्याड-पल्याड मल्टिमीटरचे प्रोब टेकवून विभवांतर मोजावे. उघडी सेल-पेटी, २.५ व्होल्टचा बल्ब आणि बटण एवढ्यावर वर्गात हा प्रयोग होतो. चांगल्या सांध्यावर वाचन शून्याच्या जवळ येते. एखाद्यावर ०.६ व्होल्ट आले, आणि धारा ०.३ अँपिअर असेल, तर ओहमच्या नियमाने त्या सांध्याचा रोध २ ओहम. तेवढे विभवांतर बल्बच्या वाट्यातून गेले. तारेच्या बल्बचे विभवांतर २० टक्क्यांनी घटले तर प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. बल्ब मुळीच लागत नसेल आणि सांधा पूर्ण तुटला असेल, तर सगळे ३ व्होल्ट त्या एकाच सांध्यावर दिसतात, बाकी ठिकाणी शून्य. पण तो दुरुस्त केल्यावर पुन्हा सगळे सांधे तपासावेत. धारा नसताना दुसरा सदोष सांधाही शून्यच दाखवतो.

दोष सापडला की सेल काढून सफाई करावी. साध्या काळपटपणाला खोडरबर पुरतो. खरखरीत पॉलिशपेपर टाळावा, कारण त्याने निकेलचा मुलामा निघतो आणि खालचे पोलाद गंजू लागते. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर पांढरी पुटे दिसतात. आतला पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कार्बोनेट झालेला असतो. ही पुटे बोटाने खरवडू नयेत. कापसाच्या बोळ्याला थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसावीत, मग ओल्या फडक्याने पुसून जागा पूर्ण कोरडी करावी. उदासिनीकरणाचा धडा येथे आपसूक होतो.

विजेरीत वाईट सांध्याने फार तर अंधार होतो. घरातल्या प्लगमध्ये तसे नसते. ३००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर धारा घेतो. सैल झालेल्या पिनेच्या सांध्यात ०.१ ओहम एवढाच रोध आला, तरी धारेचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने तेथे सुमारे १७ वॅट उष्णता निर्माण होते. छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, यावरून कल्पना यावी. उष्णतेने पत्री मऊ पडते, पकड आणखी सैल होते, ऑक्साइड वाढते, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. हे चक्र आगीपर्यंत जाऊ शकते. आणि या साऱ्यात एमसीबी पडत नाही, फ्यूज उडत नाही! कारण त्यांचे लक्ष धारा मर्यादेबाहेर गेली का, एवढ्यावरच असते. येथे धारा वाढलेलीच नसते, उलट किंचित घटलेली असते.

म्हणून प्लग गरम लागणे, सॉकेटभोवती तपकिरी डाग पडणे, जळका वास येणे, तडतड आवाज येणे या खुणा विद्यार्थ्यांना सांगून ठेवाव्यात. अशा वेळी प्लगला हात न लावता मुख्य स्विच बंद करावा आणि जाणकार वायरमनकडून सॉकेट बदलून घ्यावा. विजेरीवरचा प्रयोग घरातल्या विजेवर कदापि करू नये. मुलांनी आपल्या घरी अशा खुणा कुठे दिसतात ते केवळ पाहून, मोठ्यांना सांगून, वहीत नोंदवून आणावे. ओहमचा नियम शिकल्याचा याहून उपयोगी गृहपाठ आम्हांला तरी सुचत नाही.