फॉन्ट फुकट झाला, मग बिल कसलं?

ग्रामसभेची नोटीस मराठीत छापून हवी असली, की १९९०च्या दशकात तालुक्याला डीटीपीवाल्याकडे जावे लागे. त्याच्या संगणकाच्या मागे बोटभर ‘लॉक’ खोचलेले असे. लॉक काढले की मराठी फॉन्ट बंद. पानामागे तो जो दर लावी, त्यात टायपिंगबरोबर त्या लॉकचाही पैसा असे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानेही ते रोख मोजूनच आणलेले.

आज तीच नोटीस मोबाइलवरसुद्धा टाइप होते. रेड हॅट कंपनीने २००४ साली खुला केलेला ‘लोहित’, मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’, हे देवनागरी फॉन्ट कुणीही घ्यावेत. पत्रे आणि हिशेबासाठी लिब्रे ऑफिस आहे. त्यालाही दमडी पडत नाही.

पण फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. संकरित बियाणे दरसाल दुकानातून आणावे लागते. घरचे धरले तर पीक एकसारखे येत नाही. सोयाबीनच्या सरळ वाणाचे तसे नाही. उगवणशक्ती तपासून घरचेच पेरा, शेजाऱ्याला पायलीभर द्या. २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला तो हक्कच दिला आहे. वाणाच्या नावाची छापील पिशवी करून विकू नये, एवढेच. मुक्त सॉफ्टवेअर हे असे सरळ वाण. वापरा, आत काय आहे ते उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली हे काम सुरू केले. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स लिहिले, आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. जाहिराती दाखवून आपली माहिती गोळा करणारे ॲप मात्र नुसते फुकट. त्याला मुक्त म्हणू नये.

आता बियाणे घरचे असले म्हणून मशागत, खुरपणी फुकट होते का? रेड हॅटने लिनक्सवर धंदा केला तो याच हिशेबाने. सॉफ्टवेअर खुले, पण ते चालू ठेवण्याची, बिघडले तर धावून येण्याची वर्षाची वर्गणी. ही कंपनी आयबीएमने २०१९ साली ३४ अब्ज डॉलर मोजून घेतली. म्हणजे पैसा कुठे गेला नाही, वस्तूवरून कामावर आला.

आपल्याकडे नेमके हेच ध्यानात येत नाही. ओळखीच्या एका ग्रामपंचायतीत कर आकारणीची जुनी यादी संगणकावर उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला! जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असे. तो फॉन्ट नसला की खालचे इंग्रजी उघडे पडते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठल्याही यंत्रावर वाचता येते. जुने युनिकोडमध्ये आणणारी फुकट साधने मिळतात. पण रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरे इथे ती घसरतात. मग नमुना ८ पुढ्यात घेऊन एकेक नाव ताडून पाहायला माणूस बसवावा लागतो.

त्या माणसाचे बिल मासिक सभेत आले, की सदस्य विचारतात, “सॉफ्टवेअर फुकटचं आहे ना भाऊसाहेब, मग बिल कसलं?” संगणक घेतला तर जडवस्तू नोंदवहीत दिसतो, त्याला कुणी हरकत घेत नाही. आठ दिवस डोळे फोडून केलेली तपासणी कुठे दिसत नाही. आमच्या मते आता पहिली तरतूद तिची हवी, यंत्राची त्यानंतर.

काम बाहेर देणार असाल, तर फाइल युनिकोडमध्येच घ्या. एक प्रत पेनड्राइव्हवर ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. आणि मजुरी ठरवताना पानांबरोबर नावे ताडण्याचाही दर ठरवा. वर सांगितलेल्या यादीत रफार उडून ‘शिर्के’चे ‘शिके’ झाले होते. उद्या घरकर्जासाठी शिर्के उतारा मागायला आले, तर बँक ते नाव चालवून घेणार नाही.